सवाल पेलणारा शाहीर: बॅटल रॅप आणि कलगी-तुरा

बॅटल रॅप म्हणजे दोन रॅपरांनी श्रोत्यांच्या कड्यात समोरासमोर उभे राहून, यमकांनी बांधलेल्या आणि कधी तालावर तर कधी तालाशिवाय म्हटलेल्या ओळींनी एकमेकांना नामोहरम करण्याचा सामना होय. सामन्यात बहुधा तीन फेऱ्या असतात. प्रत्येक फेरीत एकजण बोलतो, दुसरा त्याच्यासमोर हातभर अंतरावर चेहरा निर्विकार ठेवून ऐकतो आणि मग पाळी बदलते. टोरांटोतील ‘किंग ऑफ द डॉट’, इंग्लंडमधील ‘डोन्ट फ्लॉप’, न्यूयॉर्कमधील ‘अल्टिमेट रॅप लीग’ आणि फिलिपिन्समधील ‘फ्लिपटॉप’ या चार संस्था २००८ ते २०१० या अल्प काळात उभ्या राहिल्या आणि तेव्हापासून हा प्रकार गाण्याच्या रॅपपासून वेगळा होऊन स्वतंत्र कला म्हणून नांदू लागला.

कोणता बॅटल रॅपर पहिल्या फळीतला मानावा, हा या क्षेत्रातील रसिकांचा न संपणारा वाद आहे. जिभेचा वेग, शब्दसंग्रह, आवाजाची फेक, उपहासाची धार, लोकप्रियता असे निकष त्यात पुढे केले जातात आणि त्यांपैकी एकही निरर्थक नाही. तथापि हे सर्व गुण एकट्याने गाणाऱ्या कलावंतातही असू शकतात. सामन्याचा कलावंत वेगळा ठरतो तो समोरच्याने टाकलेला डाव ओळखून, श्रोत्यांच्या देखत, त्याच्याच सामग्रीतून त्याला उत्तर देण्याच्या क्षमतेमुळे. मराठी वाचकाला हा निकष परका वाटण्याचे कारण नाही, कारण कलगी-तुऱ्याच्या फडांनी आणि तमाशातील सवाल-जवाबाने तोच पिढ्यान्‌पिढ्या लावला आहे.

बॅटल रॅपच्या इतिहासात ज्या सामन्याला आरंभबिंदू मानण्याची प्रथा आहे, त्यातही हाच निकष निर्णायक ठरला. डिसेंबर १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील ‘हार्लेम वर्ल्ड’ या क्लबात बिझी बी स्टार्स्की आणि कूल मो डी यांची गाठ पडली. बिझी बी हा श्रोत्यांना साद घालून त्यांच्याकडून प्रतिसाद वदवून घेणारा, सभा हसती-खेळती ठेवणारा कलावंत होता आणि त्या काळी रॅपरकडून अपेक्षाही तेवढीच असे. कूल मो डीने मात्र श्रोत्यांना रिझवण्याऐवजी आपल्या ओळींचा रोख थेट बिझी बीवर, त्याच्या ठरावीक युक्त्यांवर आणि त्याच्या रचनेतील पोकळपणावर धरला. त्या रात्रीपासून रॅपरची प्रतिष्ठा गर्दी खुलवण्यावर नव्हे, तर प्रतिस्पर्ध्याला मोजण्यावर ठरू लागली. लोकप्रियता आणि सामन्यातील मान या दोन गोष्टी निराळ्या आहेत याचा दाखला पुढे १९९७ मध्ये मिळाला. लॉस एंजेलिसच्या ‘रॅप ऑलिंपिक्स’ स्पर्धेत एमिनेमला दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. नंतर जगातील सर्वाधिक विक्रीच्या रॅपरांत त्याची गणना झाली, म्हणून त्या दिवसाचा निकाल बदलत नाही. त्याच एमिनेमच्या ‘एट माइल’ (२००२) या चित्रपटातील अखेरच्या सामन्यात नायक स्वतःची सगळी उणीदुणी स्वतःच आधी सांगून टाकतो आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती बोलण्यासारखे काही उरू देत नाही. समोरचा काय बोलणार हे आधी ताडणे हीसुद्धा उत्तराचीच एक जात आहे, हे या प्रसंगाने सामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचवले.

आजच्या लीगमधील सामने आधी लिहून, पाठ करून आणि बहुधा वाद्यसंगीताशिवाय होतात. प्रतिस्पर्धी अनेक आठवडे आधी ठरलेला असतो. त्याचे जुने सामने, त्याची बढाई, त्याचे राहते गाव, त्याने पूर्वी केलेले दावे यांचा अभ्यास करून रॅपर आपला ‘अँगल’, म्हणजे हल्ल्याची दिशा, निश्चित करतो. ज्या ओळीवर सभा उसळते तिला ‘पंच’ म्हणतात, एकाच विषयाशी निगडित श्लेषांची मालिका गुंफली की तिला ‘स्कीम’ म्हणतात आणि ऐन भरात ओळ विसरण्याला ‘चोक’ होणे म्हणतात. चोक झालेल्या रॅपरची उरलेली फेरी कितीही उत्तम असली तरी रसिक ती सहसा विसरत नाहीत. यात मानाचे स्थान ‘रिबटल’ला आहे. प्रतिस्पर्ध्याने नुकत्याच म्हटलेल्या ओळीला जागेवरच रचून दिलेले उत्तर म्हणजे रिबटल, आणि सर्व काही लिहून आणण्याच्या या युगातही ते लिहून आणता येत नसल्यामुळेच त्याला एवढी किंमत आहे. तीन फेऱ्या निर्दोष म्हणून दाखवणारे रॅपर पुष्कळ आहेत. पाठ केलेल्या मजकुराला मध्येच बाजूला सारून, चार ओळींचे उत्तर देऊन, पुन्हा त्याच लयीत मूळ मजकुरावर येणारे थोडे आहेत. २०१२ मध्ये ‘समर मॅडनेस २’ या अल्टिमेट रॅप लीगच्या मेळ्यात लोडेड लक्सने कॅलिकोविरुद्ध अंत्यविधीचा थाट मांडून संपूर्ण सामना एकाच कल्पनेभोवती बांधला आणि हा सामना आजही आदर्श म्हणून दाखवला जातो. त्यातील नाट्य डोळ्यांत भरते खरे, पण त्या नाट्याला वजन येते ते समोरच्या माणसाच्या आयुष्याचे परीक्षण त्यात असल्यामुळे. नुसता देखावा असता तर तो एका हंगामात विरला असता.

महाराष्ट्रातील कलगी-तुरा या प्रकाराची मांडणी याहून अधिक शिस्तबद्ध आहे. शाहिरांचे दोन पक्ष असतात. तुरेवाले शिवाला, म्हणजे पुरुषतत्त्वाला, श्रेष्ठ मानतात. कलगीवाले शक्तीला, म्हणजे प्रकृतीला किंवा मायेला, श्रेष्ठ मानतात. तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाह अली नावाचा फकीर यांच्या वादावर प्रसन्न होऊन एका राजाने एकाला तुरा आणि दुसऱ्याला कलगी बहाल केली, अशी आख्यायिका सांगितली जाते. या परंपरेच्या शाखा मध्य प्रदेशात आणि राजस्थानातही आढळतात. दोन्ही मूळ पुरुषांचे धर्म निराळे असूनही वाद मात्र एकाच तत्त्वविचाराच्या चौकटीत व्हावा, ही गोष्ट आजच्या वाचकाने विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. सामन्याची सुरुवात गणाने, म्हणजे गणेशस्तवनाने, होते. त्यानंतर एक शाहीर डफाच्या आणि तुणतुण्याच्या साथीवर सवाल टाकतो, मागे उभे असलेले झीलकरी त्याचे धृपद उचलून धरतात आणि प्रतिपक्षाचा शाहीर त्या सवालाचा उलगडा करून, शक्यतो त्याच चालीत, आपला सवाल परत टाकतो. गूढार्थ पोटात दडवून केलेल्या या रचनांना भेदिक म्हणतात, कारण त्यांतील भेद फोडणे हेच प्रतिपक्षाचे काम असते.

भेदिकाचा सवाल सुटण्यासाठी तो मांडणाऱ्याइतकाच ऐकणाराही तयार असावा लागतो आणि येथे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील केंदूरसारख्या गावाचा विचार उपयोगी पडतो. केंदूर हे ज्ञानदेवकालीन मानल्या जाणाऱ्या संत कान्हुराज महाराज पाठक यांचे गाव म्हणून वारकरी संप्रदायात ओळखले जाते. हरिपाठ, पारायण, सप्ताह आणि कीर्तन यांचा राबता असलेल्या या भागात परा-पश्यंती-मध्यमा-वैखरी या चार वाणी, स्थूल-सूक्ष्म-कारण-महाकारण हे चार देह, सत्त्व-रज-तम हे तीन गुण अशी परिभाषा पोथी न वाचलेल्या शेतकऱ्याच्याही कानावरून गेलेली असते. म्हणजे शाहिराच्या कोड्याची किल्ली कीर्तनकाराने आधीच गावात ठेवलेली असते. दुसरीकडे केंदूरहून पाबळ-मंचर ओलांडले की नारायणगाव लागते, ज्याला तमाशाची पंढरी म्हणतात आणि जेथे गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागून गावोगावचे यात्रा-पुढारी सुपारी द्यायला येतात. दक्षिणेला दौंड तालुक्यात चौफुल्याची कला केंद्रे संगीतबारीसाठी प्रसिद्ध आहेत. पंढरपूरच्या वाटेवरचा वारकरी आणि यात्रेतला तमाशाचा श्रोता हा या पट्ट्यात पुष्कळदा एकच माणूस असतो. सवाल-जवाबाची कला अशाच श्रोत्यांत वाढली, हा योगायोग म्हणता येणार नाही.

सवाल कसा रचला जातो हे एका कल्पित उदाहरणाने पाहता येईल. नऊ दारांचा एक वाडा आहे, त्यात पाचजण दिवसरात्र राबतात, पण वाड्याचा धनी कोणत्याच खोलीत सापडत नाही, तर तो वाडा कोणता आणि धनी कोण, असा सवाल कलगीवाल्याने टाकला असे समजू. वाडा म्हणजे देह, पाचजण म्हणजे इंद्रिये आणि धनी म्हणजे आत्मा, एवढा उलगडा सामान्य प्रतीचा शाहीर करतो आणि श्रोतेही तो मनात करून बसलेले असतात. दुसऱ्या प्रतीचा शाहीर त्यात पुराणातील दाखले घालतो, संख्या जुळवतो, उत्तर भरघोस करतो. वरच्या प्रतीचा तुरेवाला मात्र धनी दिसत नाही या शब्दांनाच धरतो: खोल्यांत शोधणाऱ्याला घरमालक दिसणार कसा, शोधणाराच तो आहे, तेव्हा तुमच्या सवालाने पुरुषाचेच श्रेष्ठत्व कबूल केले, असे म्हणून तो प्रतिपक्षाचा सवाल आपल्या पक्षाची साक्ष म्हणून नोंदवतो. यावर कसलेला कलगीवाला असे विचारील की वाडाच नसता तर शोधणाऱ्याने उभे कोठे राहायचे आणि धनी हे नाव त्याला कोणी दिले असते. येथे वाद माहितीच्या पातळीवरून सिद्धांताच्या पातळीवर चढतो. कोण जिंकले हे कदाचित पहाटेपर्यंत ठरत नाही, परंतु कोण कोणत्या फळीतला हे ठरून जाते.

या कलेला लागणारी विद्या दोन ठिकाणी मिळत असे. एक ठिकाण गुरूचे: जुने शाहीर आपल्या रचनांची बाडे, म्हणजे हस्तलिखित वह्या, जपून ठेवत, शिष्याला ती टप्प्याटप्प्याने देत आणि शिष्य रचनेच्या शेवटच्या कडव्यात गुरूचे नाव घेऊन आपले घराणे जाहीर करत असे. दुसरे ठिकाण प्रत्यक्ष फडाचे. पेशवाईच्या उत्तरार्धातील राम जोशी हे या दुहेरी शिक्षणाचे ठळक उदाहरण होय. सोलापुरात धोंडी शाहिराच्या फडात त्यांना लावणीची गोडी लागली आणि पुढे संस्कृताचे अध्ययन करून त्यांनी ते पांडित्य शाहिरीत उतरवले. संगमनेरचे अनंत फंदी, पुसेसावळीचे हैबती ही नावेही केवळ गळ्यावर टिकलेली नाहीत. आधी तयार करून आणलेले काव्य आणि जागेवर स्फुरलेले काव्य यांपैकी खरे कोणते, असा वाद आज रॅपच्या रसिकांत हिरिरीने घातला जातो, पण बाडावर वाढलेल्या शाहिराला तो फारसा समजला नसता. कुस्तीगीराचे डाव तालमीत बसलेले असतात म्हणून आखाड्यातील त्याचा निर्णय उसना ठरत नाही. शेकडो रचना ज्याच्या पाठांतरात आहेत त्यालाच ऐनवेळी त्यांतील योग्य ती मोडून नवी करता येते. शीघ्रकवित्व म्हणून ज्याचे कौतुक होते ते पुष्कळदा अशा मोडतोडीचेच फळ असते आणि त्यामुळे त्याचे मोल कमी होत नाही.

रचना आणि सादरीकरण ही दोन अंगे मराठी शाहिरीत वेगळी राहू शकत होती, ही बाब बॅटल रॅपशी तुलना करताना महत्त्वाची ठरते. होनाजी शिलारखाने हा गवळी समाजातील कवी रचना करीत असे आणि बाळा करंजकर त्या गात असे. ‘होनाजी बाळा’ हे नाव म्हणूनच दोघांचे मिळून रूढ झाले. त्यांच्याच काळात जेजुरीचा सगनभाऊ, जो शिकलगार होता, राम गोंधळ्याच्या जोडीने फड चालवीत असे आणि या दोन जोड्यांची चढाओढ गाजलेली होती. बॅटल रॅपमध्ये अशी वाटणी मान्य नाही. दुसऱ्याकडून ओळी लिहून घेणारा रॅपर तेथे तत्काळ पायरी उतरतो, कारण ज्याने ओळ रचली नाही त्याला ती ऐनवेळी फिरवता येणार नाही असे गृहीत धरले जाते. हे गृहीत बहुतांशी योग्य असले तरी अतिरेकी आहे. बाळाच्या गळ्याशिवाय होनाजीची ओळ मैफलीत किती पोहोचली असती, हा प्रश्न उरतोच.

अपशब्दांचा प्रश्नही दोन्हीकडे आहे. बॅटल रॅपमध्ये प्रतिस्पर्ध्याचे कुटुंब, रूप, गरिबी, तुरुंगवास असे काहीही वर्ज्य नसते आणि त्यामुळे नवख्या श्रोत्याला हा प्रकार शिवीगाळीचा वाटतो. तमाशातही झगड्याच्या लावण्या होत्या, म्हणजे स्त्री-पुरुषांच्या किंवा दोन सवतींच्या भांडणाच्या रूपाने रंगणाऱ्या रचना, आणि रेठरे हरणाक्ष गावचे कुलकर्णीपण सोडून फडात आलेल्या पठ्ठे बापूरावांनी (१८६६–१९४५) त्या प्रकारालाही वैभव दिले. पण झगडा पात्रांच्या तोंडी असतो. शाहीर समोरच्या शाहिराला प्रत्यक्ष शिवी देत नाही, निदान चांगला शाहीर देत नाही. टोमणा मारायचा तो त्याच्या चुकलेल्या दाखल्यावर, फसलेल्या यमकावर, गुरूने न शिकवलेल्या धड्यावर. या मर्यादेमुळे कलगी-तुरा सोवळा राहिला असे समजण्याचे मात्र कारण नाही. सामना वैयक्तिक आणि अश्लील पातळीवर उतरतो अशी तक्रार या परंपरेतही ऐकू येते. ज्याच्याजवळ उत्तर संपते तो शिवीकडे वळतो, हे दोन्ही फडांना लागू आहे.

मग फळी ठरवते कोण? आजच्या मोठ्या लीगच्या पुष्कळ सामन्यांत परीक्षक नसतात. निकाल श्रोत्यांच्या चर्चेतून हळूहळू घडतो आणि कधी कधी काही वर्षांनी बदलतोही. एकाच झंझावाती सामन्यावर कोणी पहिल्या फळीत जात नाही. निरनिराळ्या शैलींच्या, तोडीस तोड प्रतिस्पर्ध्यांसमोर, अनोळखी शहरातही, अनेक वर्षे पातळी टिकवावी लागते, आणि पराभवानंतर परत उभे राहावे लागते. दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांवरील विजयांची बेरीज रसिक मनावर घेत नाहीत. शाहिरांच्या बाबतीत हेच काम यात्रांनी केले. ज्या फडाला पुढच्या वर्षी त्याच गावाने पुन्हा सुपारी दिली, त्याची पत त्या गावापुरती सिद्ध झाली, आणि अशी गावे वाढत गेली की शाहिराचे नाव तालुक्याबाहेर जाई. या पद्धतीत एक मोठा दोषही होता: जातीने खालचा मानलेल्या कलावंताला टाळ्या मिळत, मान मिळत नसे. पुढे आंबेडकरी जलशांनी आणि गायन पार्ट्यांनी, वामनदादा कर्डकांसारख्या (१९२२–२००४) कवींच्या रचना घेऊन, श्रोता आणि फळी दोन्ही नव्याने घडवल्या. दोन पार्ट्यांमधील ‘दुरंगी सामना’ हा शब्दप्रयोग त्या वस्त्यांमध्ये आजही परिचित आहे.

समोरासमोरच्या सामन्याची परंपरा मराठीत सर्वाधिक जिवंत आहे ती कोकणात. रत्नागिरी-रायगडकडील शक्ती-तुरा, म्हणजे कलगी-तुऱ्याचेच कोकणी रूप, जो जाखडी नृत्याच्या साथीने सादर होतो, आणि सिंधुदुर्गातील डबलबारी भजन, ज्यात दोन बुवा आळीपाळीने गाऊन एकमेकांना अडवतात, हे दोन्ही प्रकार गावातील उत्सवांबरोबर मुंबईतील चाकरमान्यांच्या नाट्यगृहांतही गर्दी खेचतात. देशावर मात्र सवाल-जवाब फडातून रुपेरी पडद्यावर गेला. अनंत माने यांच्या ‘सवाल माझा ऐका’ (१९६४) या चित्रपटाने तो घरोघर पोहोचवला, पण पडद्यावरच्या सवालाचे उत्तर आधीच ठरलेले असल्यामुळे कलेतील जोखीम तेथे संपली.

मराठी मुलखातील रॅपची स्थिती याच्याशी जोडून पाहावी लागते. ‘गली बॉय’ (२०१९) या चित्रपटाने मुंबईतील सायफर, म्हणजे रॅपरांनी गोल करून आळीपाळीने ओळी म्हणण्याची बैठक, आणि बॅटल या दोन्ही गोष्टी सर्वसामान्यांना दाखवल्या. पुण्याच्या ताडीवाला रस्त्यावरून आलेला एमसी स्टॅन २०२३ मध्ये ‘बिग बॉस’चा सोळावा हंगाम जिंकून घराघरांत पोहोचला, अमरावतीचा सौरभ अभ्यंकर मराठी बोलीतून सामाजिक आशयाचे रॅप करतो. तथापि भारतात गाजलेल्या चकमकी, उदाहरणार्थ २०१८ मधील रफ्तार आणि एमिवे या रॅपरांची, या बहुतांशी ‘डिस ट्रॅक’च्या, म्हणजे ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध केलेल्या हल्ल्याच्या गाण्यांच्या, स्वरूपात झाल्या. त्यात उत्तर द्यायला आठवडाभर मिळतो, चुकलेली ओळ पुसता येते आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही.

फिलिपिन्सचे उदाहरण येथे बोलके आहे. तेथे ६ एप्रिल १९२४ रोजी मनिलात कवींच्या पद्यमय वादाचा ‘बालागतासान’ हा प्रकार सुरू झाला आणि २०१० मध्ये फ्लिपटॉप उभी राहिली तेव्हा तिच्याकडे याच वादपरंपरेची पुढची पिढी म्हणून पाहिले गेले. देशी भाषेत, देशी यमकांनी आणि देशी विनोदाने सामने होऊ लागले. महाराष्ट्रात ही सांगड अद्याप बसलेली नाही. शक्ती-तुऱ्याचा शाहीर आणि मराठी रॅपर एका मंचावर क्वचितच येतात, आणि मराठीत वर्षानुवर्षे नियमाने चालणारी, समोरासमोर सवाल-जवाब घडवणारी मोठी लीग रुजलेली नाही. तेव्हा मराठी रॅपरांपैकी काहींची रचना उत्तम, उच्चार स्वच्छ आणि आशय सकस असला, तरी त्यांतील कोणालाही पहिल्या फळीचा बॅटल रॅपर म्हणणे आज घाईचे ठरेल. ती परीक्षा त्यांनी दिलेली नाही. ती दररोज देणारे कलावंत तूर्त कोकणातल्या बाऱ्यांमध्ये आहेत.